एकेकटीने वर जावे

अपघाताच्या नोंदवहीतली ती ओळ माझ्या अक्षरातली आहे. 'जिना उतरताना पाय घसरून पडली.' ती पडली हे खरे. पाय घसरला हे खोटे. ती पळत होती. आणि ती कशापासून पळत होती, हे ती वर जाण्याच्या आधीपासून मला ठाऊक होते. माझा गुन्हा तो. वहीतली ओळ नंतरची.

चार वर्षे मी हे कोणाला सांगितले नाही. बायकोलाही नाही. आज लिहितो आहे, कारण न सांगण्याची मला सवय झाली होती आणि त्या सवयीला मी शांत स्वभाव म्हणत होतो.

आमचा कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. विजेची बटणे आणि सॉकेट तयार होतात. खाली साचे आणि पॅकिंगची लांब टेबले, वर पोटमाळा. पॅकिंगला नऊ बायका, सगळ्या कंत्राटी. बहुतेक दिव्याच्या, कळव्याच्या, दोघी डोंबिवलीच्या. मी सुपरवायझर. रिकामी खोकी घडी करून, गठ्ठे बांधून माळ्यावर ठेवलेली असत. लागली की कोणीतरी वर जायचे, गठ्ठे कठड्यावरून खाली टाकायचे आणि उतरायचे. एका खेपेला तीन गठ्ठे. धप्प, धप्प, धप्प. जिना लोखंडी, मध्यावर वळलेला. वळणापलीकडचे खालून दिसत नाही.

आमचे मालक शेठजी; त्यांच्या पुतण्याने त्याच माळ्यावर एक कोपरा अडवून आपले ऑफिस केले होते. सोफा टाकला, एसी लावला. सगळे त्याला छोटे शेठ म्हणत. कॅमेरे फाटकावर होते, साच्यांवर होते, पॅकिंगवर होते. माळ्यावर नव्हता.

बायका वर जोडीने जात. ही रीत कुंदाताईंनी घालून दिलेली. कुंदाताई सगळ्यांत जुन्या, माझ्याच वयाच्या. त्या गमतीने म्हणायच्या की आपल्याकडे वर जायचे ते सत्यनारायणाला बसल्यासारखे, जोडीनेच. मग खोकी संपली की कोणीतरी हाक मारायची, 'चल गं, सत्यनारायण आहे,' आणि दोघी उठायच्या. एक गठ्ठे टाकायची, दुसरी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मोठमोठ्याने घरच्या गोष्टी सांगायची. नवऱ्याचे घोरणे, सासूचे गुडघे, काहीही. खाली हशा पिकायचा. मीही हसायचो. ही गंमत कशासाठी आहे हे मी कधी विचारले नाही. विचारायची गरज नव्हती. मला कळत होते.

एके दिवशी सकाळी छोटे शेठ खाली आले. मी टेबलाशी उभा राहून माल तपासत होतो. सगळ्या बायका जागेवर होत्या. ते मोबाइलवरून नजर न उचलता बोलले.

"एका खोक्याला दोन बायका. तू सुपरवायझर आहेस की यांचा बॉडीगार्ड?"

मी म्हणालो, गठ्ठे जड असतात.

"जड? मग तू कशाला आहेस? साडी देतो, नेस आणि बस यांच्यात. तुला तेच जमेल."

माझे वय तेव्हा एक्कावन्न. ते तिशीचे असतील. मला अरे-तुरे करायचे आणि मी त्यांना अहो-जाहो. नऊ जणींनी माना खाली घातल्या. कोणी हसले नाही. हसल्या असत्या तर बरे झाले असते. मला वाचवण्यासाठी त्या माझ्याकडे बघत नव्हत्या आणि ते मला सहन होईना. साडी नेसणाऱ्या नऊ जणींसमोर साडीची शिवी मला दिली गेली. ती त्यांनाही लागली असेल, हे त्या क्षणी माझ्या मनातही आले नाही. मला फक्त माझे कान तापलेले कळत होते.

त्यांनी टेबलावरचा मार्कर माझ्यापुढे सरकवला. "लिही. आत्ताच. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणतात."

मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिले. 'खोकी आणण्यासाठी एकेकटीने वर जावे. दोघी दिसल्यास कारवाई होईल.' अक्षर खरेच चांगले आले. त्यांनी वाचले. म्हणाले, खाली सही कर. मी सही केली आणि तो पुठ्ठा स्वतःच्या हाताने जिन्याच्या कठड्याला बांधला.

अपमान माझा झाला होता. किंमत मी त्या नऊ जणींना द्यायला लावली.

यामागची एक जुनी गोष्ट सांगतो. सबब म्हणून नाही. बाविसाव्या वर्षी मी कल्याणहून दुसऱ्या एका कारखान्यात जात असे. एका सकाळी फाटकावरच्या वॉचमनने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. माझ्या पोटात खड्डा पडला. वाटले, आज आत जाऊ नये. मग मी मनाची समजूत घातली की आपण काही केलेले नाही, भ्यायचे कशाला. संध्याकाळी पितळी स्क्रूंची एक पिशवी सापडत नव्हती. मला फाटकाशी उभे केले. आधी शर्ट, मग बनियन, मग पँट. समोर बसचा थांबा होता. लोक उभे होते. दुसऱ्या दिवशी पिशवी स्टोअरकीपरच्याच खणात मिळाली. मला कोणी काही म्हणाले नाही.

त्या दिवशी मी शिकायला हवे होते की माझ्या पोटाला सकाळीच कळले होते. मी उलटे शिकलो. पोटाला कळून आपल्यासारख्याला काय उपयोग, असे शिकलो. तेव्हापासून आतून काही उठले की मी ते दाबत गेलो आणि त्याला समजूतदारपणा म्हणत गेलो. त्याच समजूतदारपणावर मला पुढे सुपरवायझर केले गेले.

पुठ्ठा बांधला त्याच्या दुसऱ्या दिवशी वनिता माझ्या टेबलाशी आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, दिव्याहून येणारी. घरी आई आणि लहान मुलगी. कामाला चलाख, बोलायला कमी.

"सर, मी एकटी वर नाही जाणार."

मी कारण विचारले.

"कारण असं नाही. ते असले वर की मला कसंतरी होतं. पोटात गोळा येतो."

"त्यांनी काही केलंय का? काही बोललेत?"

"नाही."

"मग? नुसतं वाटतंय म्हणून मी काय सांगू त्यांना?"

तिचा आवाज चढला नाही.

"केल्यावर सांगू का, सर?"

मी वहीत पाहत राहिलो. म्हणालो, जा, काम कर, मनात काही आणू नकोस. तिच्या पोटात जो गोळा येत होता तो माझ्या ओळखीचा होता. मी तिला तेच सांगितले जे बाविसाव्या वर्षी स्वतःला सांगितले होते. फरक इतकाच की तेव्हा मी एकट्याचे नुकसान केले होते.

तिसऱ्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमारास, खोकी संपली. पाळी वनिताची होती. ती टेप कापायचे यंत्र हातात तसेच घेऊन, माझ्याकडे न बघता उठली. मी म्हणालो, जा. हे मला लिहायला हवे. ती आपण होऊन गेली नाही. मी पाठवली.

वरून एक गठ्ठा पडला. धप्प.

दुसरा पडला नाही.

खाली टेपचा कर्रकर्र आवाज एकेका टेबलावर थांबत गेला. आठ जणींचे हात थांबले. कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्याच पुठ्ठ्याने त्यांना बांधून ठेवले होते. मी उठलो. जिन्याशी गेलो. एक पायरी, दुसरी, तिसरी. तिसरीवर थांबलो.

आत सगळे शरीर वर ढकलत होते. आणि डोके विचारत होते, वर जाऊन म्हणणार काय? काही नसलेच तर? छोटे शेठ विचारतील, कशाला आलास, तर काय सांगायचे? एका बाईच्या जिवाला वर काय होत असेल यापेक्षा मला त्या प्रश्नाची भीती जास्त वाटली. मी तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो. किती वेळ, ते माहीत नाही. फार नसेल. वर जे व्हायचे त्याला पुरेल इतका होता.

मग वर काहीतरी आदळले आणि ती वळणावरून पळत आली, अडखळली, आणि उरलेल्या पायऱ्यांवरून माझ्या पायाशी पडली. उजवे मनगट वाकडे झाले होते. डाव्या हातात टेप कापायचे लोखंडी यंत्र घट्ट धरलेले. कुडत्याची बाही खांद्यापासून उसवलेली. वर कठड्याशी छोटे शेठ उभे होते, भुवईवर रुमाल दाबून.

"पडली ती. बघतोस काय? डॉक्टरकडे ने."

वनिता रडली नाही. मला म्हणाली, "सांगितलं होतं ना, सर." एवढेच. हळू आवाजात.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारले, कसे झाले. मी तिच्या आधी उत्तर दिले. जिन्यावरून पाय घसरला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि मग भिंतीकडे तोंड केले. संध्याकाळी शेठजींनी नोंदवही मागवली. तेच वाक्य मी लिहिले. पुढच्या आठवड्यात कंत्राटदाराने तिला कळवले की आता येऊ नकोस. प्रकरण संपले. असे आम्ही आपापसांत म्हणालो. म्हणजे आम्ही पुरुष.

पुठ्ठा कोणीतरी काढून टाकला. मी चौकशी केली नाही. बायका पुन्हा जोडीने वर जाऊ लागल्या. मी पाहिले नाही असे दाखवले, आणि छोटे शेठही काही काळ गप्प राहिले. पण सत्यनारायणाची गंमत परत कोणी केली नाही. मी जवळून गेलो की टेबलावरचे बोलणे थांबायचे. माझ्याशी कोणी वाईट वागले नाही. मला पाणी आणून द्यायच्या, हळदीकुंकवाचा तिळगूळ द्यायच्या. फक्त माझ्यासमोर कोणी काही सांगायचे नाही. सांगून काय होते ते त्यांनी पाहिले होते.

डोंबिवलीला आमच्या वरच्या मजल्यावर कोणी काही जड खाली ठेवले की एक आवाज येतो. मी दुसऱ्याची वाट पाहतो. तो आला नाही तर घास हातातच राहतो. बायको विचारते, काय झाले. मी म्हणतो, काही नाही. झोपेत मी ती पायरी चढतो. चौथीवर पाय कधीच पडत नाही. चार वर्षे मी एकाच पायरीवर उभा आहे आणि वर शांतता आहे.

गेल्या महिन्यात प्रणाली नावाची मुलगी कामाला लागली. एकोणीस वर्षांची, कळव्याची. त्याच आठवड्यात एके दिवशी कुंदाताई सुटीवर होत्या. दुपारी छोटे शेठ कठड्याशी आले आणि वरूनच म्हणाले की नव्या मुलीला पाठव, लेबलं निवडायची आहेत, आणि बाकीच्यांना उठवू नकोस. प्रणाली उठली. नवी होती, सांगितले की उठायचे एवढेच तिला माहीत. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि ती थांबली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. तिला काहीही ठाऊक नव्हते. कोणी सांगितलेले नव्हते. तरी तिचा पाय उचलत नव्हता.

माझ्या पोटात तोच खड्डा पडला. या वेळी मी पुरावा मागितला नाही. तिच्याकडे नाही, स्वतःकडेही नाही.

"बस," मी म्हणालो. "जागेवर जाऊन बस."

आणि मी वर गेलो. याला धैर्य म्हणू नये. ज्याला चार वर्षे लागतात ते धैर्य नसते.

"तुला बोलावलं?" छोटे शेठ सोफ्यावरून म्हणाले.

"नाही."

"मग?"

"ती येणार नाही. यापुढे कोणीच एकटी वर येणार नाही."

"का? काय झालंय?"

"काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून आलोय."

ते हसले. त्यांच्या भुवईत अजून बारीक खूण आहे. म्हणाले, "वहीत अक्षर कोणाचं आहे ते विसरलास वाटतं. बुडायची वेळ आली तर आधी तू बुडशील."

"हो," मी म्हणालो. "आधी मी."

तीस वर्षांत मालकाच्या घरातल्या माणसाला मी दिलेले हे पहिले सरळ उत्तर. खाली आलो तेव्हा टेपचे आवाज बंद होते. सगळ्या ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कुंदाताईंकडे वनिताचा पत्ता मागितला. त्यांनी विचारले, कशाला, तिला परत कामावर बोलवायला? मी म्हणालो, माफी मागायला. त्या डब्याचे झाकण लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "उशीर केलात, साहेब. पण जा. आणि सोबत मिठाई-बिठाई नेऊ नका."

रविवारी दिव्याला गेलो. गल्लीत टँकर आला होता. बायका पिंप, कळश्या, हंडे घेऊन दाटीने उभ्या. त्यांच्यात वनिता होती. हंडा डाव्या हाताने उचलत होती. उजवे मनगट पुरते वळत नव्हते. मी हात पुढे केला तर तिने हंडा दुसऱ्या बाजूला घेतला. मला ओळखले होते. जवळ उभ्या मुलीला ती म्हणाली, आजीकडे जा, आणि मुलगी आत जाईपर्यंत बोलली नाही. मला घरात घेतले नाही. शेजारणींना आम्ही दिसू अशा जागी, उघड्यावर उभी राहिली. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हे तिला कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. तेव्हाही नव्हती.

मी बोलायला लागलो. वाक्ये घरून तयार करून आणली होती. तिने दुसऱ्या वाक्यालाच थांबवले.

"हात बरा झाला, सर. डॉक्टरसमोर माझ्या आधी तुम्ही बोललात ना, ते बरं नाही झालं."

मी मान खाली घातली.

"मान खाली घालून इथे गल्लीत काय सांगता? पुठ्ठा सगळ्यांसमोर बांधलात. बोलायचं तर तिथे बोला. मी येते ऐकायला."

मी तिला विचारले, तिथे यायला भीती वाटणार नाही का.

"वाटणार. म्हणून एकटी नाही येणार," ती म्हणाली. "कुंदाताईंना फाटकावर उभं राहायला सांगते."

त्या रात्री मी बायकोला सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली की इतकी वर्षे तुम्ही दचकून उठायचात, आणि मला वाटायचे तुम्हाला कोणी छळले आहे.

मंगळवारी जेवणाच्या सुटीत वनिता आली. कुंदाताई तिचा हात धरून होत्या. वॉचमनने अडवले. मी फाटकाशी जाऊन सांगितले, माझ्याकडे आल्या आहेत, आणि तिथल्या वहीत वनिताच्या नावापुढे, 'कोणाकडे' या रकान्यात, माझे नाव लिहिले. बायका टेबलाशी डबे उघडून बसल्या होत्या. साच्यांवरची माणसेही होती. शेठजींच्या केबिनचे दार अर्धे उघडे. वर कठड्याशी छोटे शेठ येऊन उभे राहिले. "काय तमाशा आहे?" असे त्यांनी विचारले. प्रणालीने हातातली पोळी डब्यात ठेवली.

मी टेबलाच्या टोकाशी उभा राहिलो. आवाज मोठा करायची मला सवय नाही. त्या दिवशी केला.

"अपघाताच्या वहीत मी खोटं लिहिलंय. वनिताताईंचा पाय घसरला नव्हता. वर छोट्या शेठांपासून सुटून त्या पळत होत्या. हे मी आज लिहून खाली सही केलीय, आणि इथून निघून पोलीस ठाण्यात देणार आहे. तक्रार करायची की नाही ते वनिताताई ठरवतील. साक्ष माझी आहे, ती मी देणार. नोकरी राहिली तर राहील.

"वनिताताई, तुम्ही मला आधी सांगितलं होतं. काही घडायच्या आधी. मी म्हणालो, काही केलंय का त्यांनी. मला पुरावा हवा होता. तुमच्या अंगाला लागल्याशिवाय मला तो मिळणार नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी तुम्हाला वर पाठवलं. तुम्ही वर होतात तेव्हा मी तिसऱ्या पायरीवर उभा होतो. मला ऐकू येत होतं की काही ऐकू येत नाहीये. मी चढलो नाही. दवाखान्यात तुम्ही बोलायच्या आधी मी बोललो. यातलं काहीही माझ्याकडून चुकून झालेलं नाही. सगळं मला कळत असताना झालंय.

"तुम्ही माफ करावं अशी अपेक्षा मी ठेवत नाही. ती ठेवायचा मला हक्क नाही. मी चुकलो, वनिताताई. मी तुमची माफी मागतो."